एका बाहीचा स्वेटर

२०१६ साली अकोल्याच्या आमच्या ऑफिसात नीलम नवी लागली. जेवणाच्या सुट्टीत ती स्वेटर विणायची. एक बाही झाली आणि ठोंबरे साहेबांनी तो जप्त केला.

"बाई, इथं विणकाम कराले आल्या का? तुमाले कायम करायची सही माझी आहे!"

मग साहेब रोज दुपारी घरी झोपायला जाताना तोच स्वेटर खुर्चीवर अडकवू लागले. साहेब इथंच आहेत, असं लोकांना वाटावं म्हणून. अक्कल तेवढीच.

मे महिन्यात अमरावतीहून मोठ्या मॅडम तपासणीला आल्या. शिपायानं खुर्चीकडे बोट दाखवलं. "साहेब इथंच हायेत."

"या उन्हात स्वेटर? अन् तोही एकाच बाहीचा?"


मॅडमनी साहेबांना घरून झोपेतून उठवून आणवलं अन् स्वेटर नीलमला परत केला. मॅडमच्याच सहीनं नीलम कायम झाली, दुसरी बाही विणून स्वेटर तिनं मला दिला. साहेबांची बदली चिखलदऱ्याला झाली, तिथं थंडी फार म्हणे.