भराव

घाटातल्या भगदाडात आणखी एक मिक्सर रिकामा झाला, तरी आतली पातळी बोटभरही वर आली नाही.

“मॅडम, खाली कुणीतरी बंगला बांधतंय,” ड्रायव्हर म्हणाला. “आपल्याच मालात.”

ती हसली नाही. हमरस्ता बंद होऊन तिसरा आठवडा चालू होता. रस्त्याखालून जुन्या खाणीचे बोगदे गेले होते. खाण बंद पडली, बोगदे लोक विसरून गेले, आणि एका सकाळी ट्रकच्या पुढ्यातच डांबर खाली गेलं. नकाशात बोगदा खिंडीपाशी संपत होता. तेवढा बुजवला की काम झालं, असं तिनेच वरिष्ठांना सांगितलं होतं. काँक्रीट पातळ ठेवायचं, म्हणजे ते कानाकोपऱ्यात पोचतं, हेही तिचंच.

तिची घाई मात्र वेगळ्या कारणाने होती. खिंडीपलीकडच्या उतारावर तिची आई एकटी राहायची. हिवाळ्यात तिच्या छातीत कळ आली होती, आणि दवाखाना भगदाडाच्या अलीकडे होता. शहरात चल म्हणून विनवण्या करून लेक थकली. आईचं उत्तर ठरलेलं.

“विहिरीला पाणी आहे तोवर मी इथून हलायची नाही.”

खाण बंद पडल्यावर वडिलांनी स्वतः खणलेली विहीर होती ती. कधी आटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आई रोज संध्याकाळी फोन करायची. गुडघे, शेजारणीचा कोंबडा, रेडिओची खरखर, सगळं यथासांग ऐकवायची. एकदा मात्र खुशीत होती.

“अगं, ऐन उन्हाळ्यात पाणी वर आलंय. आणि तू मला नळाचं पाणी प्यायला बोलावतेस.”

“छातीत दुखलं तर विहीर ॲम्ब्युलन्स पाठवणार आहे का, आई?”

“तुझ्या रस्त्यापेक्षा तिचा भरवसा जास्त, इंजिनीअरीणबाई,” म्हणत आईने फोन ठेवला.

पुढच्या खेपेला गुडघे होते, कोंबडा होता, आणि पाणी जरा पांढरट येतंय अशी कुरकुर होती. तिने तुरटी फिरवायला सांगितलं. समोर मिक्सर मागे घेत होते. ड्रायव्हरला हात दाखवता दाखवता तिने फोन खिशात टाकला.

मग दोन दिवस फोनच आला नाही. आला तेव्हा आईने एवढंच विचारलं, “रस्ता कधी उघडतोय?”

“परवा, बहुतेक. का गं?”

“काही नाही. ये सवडीने.”

कोंबड्याचं नावसुद्धा निघालं नाही. आईला आपली आठवण येतेय, असं तिने धरलं.

भगदाड अखेर काठोकाठ भरलं. मुकादमाने लोखंडी गज आपटून पाहिला. आवाज बद्द नव्हता, ठणठणीत भरीव होता. ड्रायव्हर म्हणाला, “झाला एकदाचा बंगला.” या वेळी तीही हसली. रस्ता उघडला तेव्हा पहिली गाडी तिचीच होती.

आई पायरीवर बसली होती. शेजारी पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला रेडिओ. दाराला कुलूप.

“चल,” आई म्हणाली.

वाटभर घोकलेली सगळी कारणं लेकीच्या तोंडातच राहिली. भांडायची तयारी करून यावं आणि समोरच्याने हात जोडावेत, तसं तिला झालं. तिने पटकन पिशवी उचलली, न जाणो आईचं मन फिरायचं.

“झालं ना तुझ्या रस्त्याचं, मनासारखं?” आईने विचारलं.

“झालं.”

“मग झालं तर.”

“थांब, वाटेत प्यायला तुझ्या विहिरीचं पाणी घेते.”

“राहू दे,” आई म्हणाली. “गाडीत बाटली असेल तुझी.”

पण ती घरामागे पोचलीसुद्धा होती. तिने दोर मोकळा करून पोहरा सोडला. रहाट अर्धाच फिरला, आणि खालून आवाज आला. मुकादमाच्या गजाखाली आला होता, अगदी तसाच, ठणठणीत भरीव.