बाइंडरची मोजणी

तीन राजे हातात असताना बाइंडर हरला.

समोर मशीनमनने एकेक करून तीन एक्के मांडले. मग कटरवाला खो खो हसला. "घ्या! राजांनाही कुणीतरी भेटतंच."

बाइंडर हसला नाही. टेबलावर अकरा चिठ्ठ्या पडल्या होत्या, कागदाच्या कात्रणांच्या. एक चिठ्ठी म्हणजे जिंकणाऱ्याच्या बदली एका रविवारची पाळी. पण चिठ्ठ्या गेल्या खड्ड्यात. खरा डाव होता आठ दिवसांच्या रजेचा. शाळेच्या पुस्तकांचं काम अंगावर येण्याआधी छापखान्याचे मालक एकालाच सोडणार होते, आणि तो एक कोण, हे जेवणाच्या सुट्टीत पत्त्यांवर ठरवायचं असं चौघांचं ठरलं होतं. बाइंडरची नात अडीच महिन्यांची झाली होती. त्याने अजून तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

तीन राजांच्या वर फक्त तीन एक्के. नेमके तेच यावेत, आणि नेमके आजच?

पानं वाटली होती त्याच्या मेहुण्याने. बायकोचा धाकटा भाऊ, पॅकिंगला होता. स्वतःची पानं त्याने पहिल्याच फेरीत टाकून दिली होती. शिवाय महिनाभर हा पठ्ठ्या मशीन शिकायचं म्हणून मशीनमनच्या पुढेपुढे करत होता. त्याला मशीनवर घ्यायचं की नाही, हे मशीनमनच्याच हातात होतं. बाइंडरच्या डोक्यात एकाला एक जुळत गेलं. घरचाच माणूस! त्याला रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं.

"पानं मोजायची," तो म्हणाला.

"राहू द्या ना, भाऊजी," मेहुणा घाईघाईने म्हणाला. "हरलात तर हरलात. मोजायचं काय त्यात?"

"का? तुला का घाम फुटलाय?"

मेहुण्याने बाहीने कपाळ पुसलं. झालं, संशयाला आणखी काय लागतं?

"मोज की," मशीनमन तुटकपणे म्हणाला. "माझं काय जातंय?"

मांडलेली सहा पानं तशीच ठेवून बाइंडरने बाकीचा गठ्ठा उचलला, पंख्यासारखा पसरला आणि अंगठ्याने पाच-पाच करत सरकवला. शेचाळीस पानं हवी होती. एकोणपन्नास भरली.

"तीन जास्त!" तो जवळजवळ ओरडलाच. "आता बघा, एक्केच निघतात की नाही!"

कटरवाल्याने गठ्ठा उलटा केला आणि एकेक पान बाजूला टाकू लागला. एक्का एकच निघाला. मग एक राजा निघाला. दुसरा निघाला. तिसरा, चौथा. टेबलावर बाइंडरचे तीन आधीच मांडलेले होते.

बाइंडरने आपले तीन राजे उचलून चिमटीत धरले. मऊ पडलेले, कडा झिजलेले. टेबलाच्या खणात पडलेल्या पत्त्यांच्या जुन्या जोडातले. कागद सत्तर ग्रॅमचा की ऐंशीचा, हे डोळे मिटून सांगणारा माणूस तो, पण मघाशी आनंदाच्या भरात त्याच्या बोटांना काहीच कळलं नव्हतं.

"म्हणजे खोटी पानं तुझ्याच हातात," मशीनमन म्हणाला. "आणि वर मला चोर ठरवत होतास. कुणी घातली ही?"

बाइंडरने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याचे डोळे भरून आले होते. आपल्याला नातीकडे जाता यावं म्हणून हे पोर एवढं धाडस करून बसलं, आणि आपण? बाइंडरला स्वतःची लाज वाटली. मेहुण्याने बोलायला तोंड उघडलं.

"मीच," बाइंडर मध्येच म्हणाला. "मीच घातली."

ज्याने घातली तो स्वतःहून मोजायला कशाला बसेल, हे कुणाच्याही मनात आलं नाही. सगळ्यांना ते लगेच पटलं.