माळावरचा संसार

“हळू बोल गं,” मी आईला म्हणाले. बाबा गेल्यानंतर डोंगरपायथ्याच्या माळावरच्या उंदरांच्या नोंदी घेण्याचं त्यांचं काम मी सुरू ठेवलं होतं. माझं हे वेड सोडवायलाच ती आज सोबत आली होती.

“घरातले उंदीर मी मारायचे, आणि हे इथं बसून त्यांचं कौतुक करायचे!”

ऊन कलल्यावर समोरच्या बिळातून एक उंदीर बाहेर आला. झुपकेदार शेपटी सावरत त्यानं गवताचं बी खाल्लं, आम्हाला न्याहाळलं आणि आत जाऊन बिळाचं तोंड मातीनं बुजवलं.

“हा बरा वेळेवर घरी जातो,” आई म्हणाली आणि बाबांच्या माघारी पहिल्यांदाच हसली.

मी दुर्बीण आवरू लागले, तर तिनं माझा हात धरला.

“थांब की. याच्या बायकोला पाहिल्याशिवाय मी नाही हलायची.”