आबांची तिसरी थाप

"आता हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील," आबा म्हणाले, "पण तुझ्या भावाला ओंडक्याने मारलं. आणि ओंडका साधासुधा नव्हता. त्यावर अस्वल बसलं होतं."

थोरल्याने शिकंज्याचा दांडा पिळला.

शिकंजा बोटींच्या शेडमधल्या टेबलाला बोल्टने आवळलेला होता. उभा जन्म आबांनी त्यात वल्ह्यांचे दांडे धरून तासले होते. आज त्यात त्यांचा उजवा हात होता. करंगळी आधीच मोडली होती. आता शेजारचं बोट कडकन वाजलं.

आबा ओरडले. मग धापा टाकत म्हणाले, "बरं, अस्वल लहान होतं."

थोरला हसला नाही. तो आबांच्या जावयाचा सख्खा भाऊ. धाकटा बुडून मेल्याची बातमी कळताच डोंगरापलीकडून उतरून सरळ शेडमध्ये आला होता. आबांच्या थापा त्यानेही लग्नात ऐकल्या होत्या. माशाने आबांची बोट प्रवाहाविरुद्ध ओढत नेली, ही त्यातली सगळ्यात खरी वाटणारी.

"आबा, तो पाण्यात वाढलेला," थोरला म्हणाला. "झोपेत बोट उलटली असती तरी बाहेर आला असता. हा बसल्या जागी बुडाला. पट्टा ओढला नाही त्याने? का?"

एका माणसाची ती निमुळती बोट. कमरेला रबरी घेर घालायचा आणि त्याची कड बोटीत बसायच्या भोकावर ताणून बसवायची, म्हणजे पाणी आत येत नाही. पुढे एक लाल पट्टा बाहेर लोंबता ठेवायचा. बोट उलटली की तो ओढायचा. घेर सुटतो, माणूस मोकळा. बर्फाच्या पाण्याने हात आखडतात, म्हणून या काठावर घेर लावायचा तो पोचवायला आलेल्या घरच्या माणसाने. पट्टा बाहेर आहे हे बघायचं आणि बोटीवर दोनदा थोपटायचं. तेवढं झालं की वल्हवणारा खाली न बघता निघायचा.

"घेर कुठंय त्याचा?"

आबांनी हनुवटीने खुंटी दाखवली. घेर सुरीने फाडलेला होता. पुढचा तुकडाच नव्हता.

"ओलं रबर सुटेना. कापून बाहेर काढलं त्याला."

"आणि तुकडा?"

शेगडीजवळ बसलेल्या आबांच्या मुलीने आणखी एक लाकूड आत सारलं. शेडभर जळक्या रबराचा वास होता. थोरल्याने नाक वर करून तो हुंगला.

मुलीने गळपट्टा हनुवटीपर्यंत गुंडाळला होता. तिचा एक डोळा सुजून मिटला होता. कुणी विचारलं तर आबा कुणाला शिडीचं कारण सांगत, कुणाला दाराचं. सगळ्यांना एकच सांगायचं भान त्यांना कधी राहिलं नाही.

"तू घाबरू नकोस," थोरला तिला म्हणाला. "तुझा संसार ज्याने मोडला ना, त्याला मी मोडणार."

"भाऊजी, हात सोडा त्यांचा. म्हातारे आहेत."

"म्हातारे आहेत म्हणून तर एकेक बोट घेतोय." त्याने दांड्यावर हात ठेवला. "बोला."

"घळीत लुटारू होते," आबा घाईने म्हणाले. "तिघं. भाले घेऊन कड्यावर..."

दांडा फिरला. या वेळी एकाऐवजी दोन बोटं गेली. आबा स्टुलावरून घसरले आणि मोडक्या हातावर लोंबकळले. डावा पाय नेहमीसारखा समोर काठीसारखा ताठ होता. थोरल्याने त्यांना कॉलर धरून उठवलं आणि तोंडावर ठोसा मारला. दात टेबलावर पडला.

आबांनी बराच वेळ दाताकडे बघितलं. मग बोलले तेव्हा आवाजात नेहमीची खुमारी नव्हती.

"मी मारला."

थोरल्याने दांड्यावरचा हात काढला.

"घळीच्या अलीकडे पाणी शांत आहे. तिथे त्याने हेल्मेट काढलं, तोंड धुवायला. मी मागून माझी बोट लावली. वल्ह्याच्या पात्याची कड कानशिलावर घातली. मान पडली त्याची. बोट कलंडली. मग मी तिच्या तळावर हात दाबून धरला, बुडबुडे थांबेपर्यंत."

"का?" थोरल्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"पोर फार पडायची रे शिडीवरून."

थोरल्याने मुलीच्या डोळ्याकडे पाहिलं. क्षणभर त्याची नजर खाली गेली. पण भाऊ तो भाऊच. त्याने भिंतीवरचा बोटी ओढायचा बांबू काढला. त्याच्या टोकाला लोखंडी आकडा होता. आबांनी डोळे मिटले. शिकंज्यात अडकलेला माणूस हलणार तरी किती. चेहऱ्यावर मात्र थाप पचल्यावर यायचं तसं समाधान आलं होतं.

आकडा वर गेला.

"भाऊजी, थांबा. खोटं बोलताहेत ते."

मुलगी उठून मध्ये उभी राहिली होती.

"तू गप्प बस!" आबा ओरडले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चिरकला. "हिचं ऐकू नको. डोक्यावर परिणाम झालाय हिच्या!"

"आबा, तुम्हाला आता धड थापसुद्धा मारता येत नाही," ती म्हणाली. "गुडघा गेल्यापासून तुमचा पाय तरी वाकतो का बोटीत शिरायला?"

थोरल्याने त्या ताठ पायाकडे पाहिलं. आकडा हळूहळू खाली आला.

"मग बुडाला कसा तो?"

मुलीने गळपट्टा सोडला. गळ्यावर बोटांचे काळेनिळे वळ होते.

"घेर रोज मीच लावायची, भाऊजी. त्या दिवशीही लावला. पट्टा आत खोचला, आणि वरून दोनदा थोपटलं."