कुजबुजता शपथविधी

"बाबा, त्याला खाली ठेवलंत की तो उठलाच म्हणून समजा!" केतकी दबक्या आवाजात म्हणाली. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती आणि आता माहेर म्हणजे राजभवन. दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. रडून रडून राजभवन डोक्यावर घेतलेलं बाळ आत्ता कुठे आजोबांच्या खांद्यावर झोपलं होतं आणि तिकडे अख्खं मंत्रिमंडळ शपथेसाठी खोळंबलं होतं.

राज्यपाल बाळासकट हॉलमध्ये येऊन बसले. सचिवांचा चेहरा पडला. "सर, हे नियमात बसत नाही."

"कलम दाखवा," राज्यपाल कुजबुजले. एकेकाळी या वकीलसाहेबांच्या आवाजाने कोर्टाच्या खिडक्या थरथरायच्या. "शपथ माझ्यासमोर घ्यायची, एवढंच घटनेत आहे. ओरडून घ्यायची, असं कुठे लिहिलंय?"

सचिवांना कलम सापडलं नाही. बँडवाल्यांनी वाद्यं मांडीवर ठेवली. राज्यपाल नुसतं "मी" पुटपुटले आणि मुख्यमंत्र्यांनी पुढची शपथ अंगाईसारखी म्हटली. मग एकेक मंत्री चवड्यांवर चालत आला, कुजबुजला आणि गेला. पहिल्या रांगेतून केतकी बाळाच्या पापण्यांवर नजर ठेवून होती. कुणी खाकरलं की ती वळून डोळे वटारायची.

शेवटचा मंत्री गेला तसा तिचा जीव भांड्यात पडला आणि मान शेजारच्या पोलीस आयुक्तांच्या खांद्यावर. डोळे मिटता मिटता तिला बाबा आपल्याकडे बघताना दिसले आणि त्यांचा आवाज आला, "मुख्यमंत्री, मला नीट ऐकू आलं नाही. सगळ्यांनी पुन्हा एकदा शपथ घ्या. सावकाश. आणि हळू हं."