पुसलेली ओळ

सून एका सांगण्यात ऐकेल तर शपथ, असं म्हणत सासूबाई कॉम्प्युटरपाशी आल्या.

"नातीच्या लग्नाची पाकिटं, आणि यादीत अजून तुझे सासरे? वर्ष झालं माणसाला जाऊन."

"दोनदा पुसलं हो, आई." सुनेचे डोळे शिणले होते.

तरी पत्त्यांच्या लेबलांवर त्यांचं नाव येतच होतं. पहिल्यांदा त्याखाली पत्ता आला तो ते गेले त्या हॉस्पिटलचा, दुसऱ्यांदा कोपऱ्यावरच्या बसस्टॉपचा.

आता सासूबाईंनी स्वतः बटण दाबून ती ओळ घालवली. प्रिंटर कुरकुरला. नाव आलंच, आणि या खेपेला पत्ता घरचा होता.

मागच्या रिकाम्या खोलीत पलंग करकरला.

सासूबाई हळूच खुर्चीत टेकल्या.

"तुझी चूक नाही गं," त्या सुनेला म्हणाल्या. "एका सांगण्यात ऐकायची सवय त्यांनाच नव्हती."