न चुकलेला लाभांश

लोणखेड्याच्या शाळेतून निवृत्त झालेले करमसिंग पावरा गुरुजी फंडाची रक्कम गुंतवायला भरतच्या ऑफिसात गेले. भरत त्यांचा जुना विद्यार्थी. आता लोकांना शेअर घेऊन द्यायचा. त्याने लॅपटॉपवर एका बड्या ब्रिटिश बँकेचा इतिहास उघडला.

"सोनानी कोंबडी शे, गुरुजी! दीडशे वरीसमा एक बी साल लाभांश चुकना नही."

"एकोणीसशे सालीही नाही? तेव्हा आपल्याकडे मोठा दुष्काळ होता."

भरतने पान वर सरकवलं आणि त्याचा चेहरा खुलला. "त्या साले तं डबल दिना!"

हिंदुस्तानातलं धान्य विलायतेला न्यायला तेव्हा याच बँकेने पैसा पुरवला होता, हेही त्याने कौतुकाने वाचून दाखवलं. मग अर्ज पुढे सरकवत म्हणाला, "पुढे बी असाच देत ऱ्हाई. करा सही."

 अर्ज टराटरा फाडून गुरुजी उभे राहिले.

"त्या साली सातपुड्यात आमच्या घरची नऊ माणसं अन्न अन्न करत मेली, भरत."

 

दारातून ते वळले. "पणजी तेवढी कंदमुळं खाऊन वाचली, म्हणून आज तुझ्या बँकेला गिऱ्हाईक मिळत होतं."